शाळेतल्या मुलींची हिमोग्लोबिन तपासणी: क्लबने ती नीट कशी करावी?

निशिगंध

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा इनरव्हील क्लब (रोटरीशी नातं असलेली महिलांची सेवाभावी संस्था) आहे. सभासद 34, पण प्रत्यक्ष कामाला नेमाने येणाऱ्या बारा-चौदा. 1 जुलैला नवीन कार्यकारिणी येते. यंदाचा मुख्य प्रकल्प म्हणून मुलींच्या हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीच्या 180 मुलींचं हिमोग्लोबिन तपासायचं असं घाटतंय. हाताशी साधारण 40,000 रुपये आहेत. मुख्याध्यापिकांचा होकार आहे, आणि गावातल्या एका लॅबचे तंत्रज्ञ यायला तयार आहेत.

अशी शिबिरं आपल्याकडे सगळेच क्लब आणि महिला मंडळं घेतात. एका दिवसात तपासणी, खजूर-चिक्कीचं पाकीट, फोटो, पेपरात बातमी, आणि विषय संपतो. आम्हाला या वेळी मुलींचं हिमोग्लोबिन खरोखर वाढलेलं बघायचं आहे. म्हणून ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांना विचारते: यंत्र कोणतं, साहित्य किती, एका दिवसात किती मुली होतात, कमी निघालेल्या मुलींचं पुढे काय करायचं, आणि खाऊ द्यायचा तर कोणता? सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

अबोली

निशिगंधताई, तपासणीच्या टेबलापुरतं मी लिहिते. औषधोपचाराचं इतर लोक सांगतील.

साहलीची जुनी नळी कोणी सुचवली तर नको म्हणा. त्यात डोळ्यांनी रंग जुळवायचा असतो. वर्गातल्या उजेडात दोन माणसांची दोन उत्तरं येतात. बोट टोचून आलेला थेंब स्ट्रिपवर किंवा क्युव्हेटमध्ये (थेंब भरायची छोटी पारदर्शक कुपी) घेऊन वाचणारं डिजिटल हिमोग्लोबिनोमीटर घ्या. विकत घेऊ नका. लॅबकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात असेल तर दोन दिवसांसाठी मागा आणि फक्त स्ट्रिप्स क्लबने घ्याव्यात. स्ट्रिप त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची लागते, हे आधी नक्की करा. आणि हो, बोटावर चिमटा लावून न टोचता हिमोग्लोबिन सांगणारी यंत्रं आता खूप विकायला येतात. शाळेच्या कामाला ती घेऊ नका.

साहित्य 180 मुलींसाठी असं: स्ट्रिप 200, कारण चुकलेली वाचनं, पुन्हा घ्यावी लागणारी आणि यंत्र तपासण्यासाठी लागणारी मिळून दहा-बारा टक्के जादा लागतात. सेफ्टी लॅन्सेट (बोट टोचायची सुई) 220. इथे एक गोष्ट नीट बघा. साखर तपासायच्या किटमधले 30 गेजचे बारीक लॅन्सेट घेऊ नका (गेजचा आकडा मोठा तितकी सुई बारीक). त्यातून थेंब लहान येतो, मग टोचणारी व्यक्ती बोट पिळते, आणि पिळलं की रक्तात पेशींमधलं पाणी मिसळून आकडा खोटा कमी येतो. 21 किंवा 23 गेजचे, 1.8 ते 2 मिलिमीटर खोल जाणारे, एकदाच चालणारे लॅन्सेट मागा. अल्कोहोल स्वॅब 220, कोरडा निर्जंतुक कापूस किंवा गॉज पुष्कळ (पहिला थेंब पुसायला एक, नंतर दाबून धरायला एक), छोट्या पट्ट्या 200, हातमोजे दोन डबे.

टोचणं फक्त लॅब तंत्रज्ञ किंवा नर्सनेच करायचं. क्लबच्या कोणीही, कितीही उत्साह असला तरी, लॅन्सेट हातात घ्यायचं नाही. तुमचं काम रांग, नोंदवही, पट्टी आणि बाकावर बसवणं.

पद्धत: डावा किंवा उजवा, जो हात लिहायचा नाही तो. मधलं किंवा अनामिका बोट, अगदी टोकावर नाही, बाजूच्या मांसल भागावर. हात गार असतील तर आधी चोळून किंवा कोमट पाण्यात धरून गरम करायचे, पावसाळ्यात याची गरज पडतेच. स्वॅबचं अल्कोहोल पूर्ण वाळू द्या. ओलं असेल तर थेंब पसरतो आणि वाचन बिघडतं. पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा आपोआप येऊ द्यायचा. क्युव्हेट असेल तर ती एका दमात भरली पाहिजे. आत हवेचा बुडबुडा दिसला तर टाकून द्या, पुन्हा भरत बसू नका.

स्ट्रिपची डबी हे दुसरं दुखणं. जुलैची दमट हवा, टेबलावर झाकण उघडं ठेवलेलं, आणि दुपारपर्यंत आकडे भरकटायला लागतात. एक स्ट्रिप काढली की झाकण बंद, प्रत्येक वेळी. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, उघडल्यावर ती किती दिवस चालते ते पाकिटावर छापलेलं असतं. ऑक्टोबरच्या फेरीसाठी जुलैची उघडी डबी राखून ठेवू नका.

सकाळी सुरुवात करण्याआधी यंत्राबरोबर येणाऱ्या कंट्रोल सोल्युशनने (ज्याचं बरोबर वाचन आधीच माहीत असतं असा द्राव) वाचन घ्या. ते मिळत नसेल तर क्लबच्या तीन-चार सभासदांनी त्याच सकाळी लॅबमध्ये शिरेतून रक्त देऊन सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण तपासणी) करून घ्यावं आणि तासाभरात त्याच सभासदांचं बोटाचं वाचन यंत्रावर बघावं. दर वेळी यंत्र एकाच बाजूला, म्हणजे सगळ्यांचंच एखाद ग्रॅमने कमी किंवा जास्त दाखवत असेल, तर ते यंत्र वापरू नका.

वेळेचा हिशेब: नाव लिहिण्यापासून पट्टी लावेपर्यंत एका मुलीला तीन ते चार मिनिटं. एका टेबलावर तासाला पंधरा मुली धरा. दोन टेबलं, दोन यंत्रं असतील तर तासाला तीस. म्हणजे 180 मुलींना सलग सहा तास, आणि शाळा मधली सुट्टी सोडून तेवढी मिळत नाही. दोन दिवस घ्या, रोज 90. वर्गातून दहा-दहा मुली बोलवा. रांग दारात दिसली की पुढच्या मुली घाबरतात.

मुलींनी सकाळी खाऊन यायचं, हिमोग्लोबिनला उपाशीपोटाची गरज नाही. टोचताना खुर्चीवर पाठ टेकून बसवायचं, उभं ठेवायचं नाही. नंतर पाच मिनिटं बाकावर बसू द्या. चक्कर आली तर आडवं करून पाय उंच करायचे आणि गर्दी हटवायची.

कचरा: लॅन्सेट पांढऱ्या, न फुटणाऱ्या झाकणाच्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत शिबिरंही येतात. तो डबा शाळेच्या कचऱ्यात जाता कामा नये. ज्या लॅबचे तंत्रज्ञ येणार, त्यांनीच तो परत न्यायचा असं आधी कबूल करून घ्या. चुकून कोणाला वापरलेलं लॅन्सेट लागलंच तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू करावं लागतं आणि जितकं लवकर तितकं बरं.

कृष्णाकाठ

अबोलीताईंनी टेबलाचं उत्तम सांगितलं. पण माझं मत थोडं वेगळं आहे. आधी गोळी, मग तपासणी.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59.1 टक्के मुलींना रक्तक्षय (हिमोग्लोबिन कमी असणं) निघाला. म्हणजे तुमच्या 180 मधल्या शंभरेक मुलींचं कमी निघणार, हे आजच धरून चाला. शाळेत आठवड्याच्या लोहाच्या गोळीचा सरकारी कार्यक्रम आहेच: निळी गोळी, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, 10 ते 19 वयासाठी, आठवड्यातून एकदा, सहसा सोमवारी. गोळी फुकट आहे. ती पोटात जात नाही, हा खरा प्रश्न आहे. तुमच्या बारा-चौदा सभासदांचा सर्वांत मोठा उपयोग तिथे आहे.

गोळी का जात नाही? प्रार्थनेनंतर लगेच वाटली जाते, तेव्हा निम्म्या मुली चहा-बिस्किटावर आलेल्या असतात. उपाशीपोटी लोहाची गोळी घेतली की मळमळतं. एकीला उलटी झाली की चार जणींना तिच्याकडे बघून होते. संध्याकाळी पालक शाळेत येतात, आणि पुढच्या सोमवारपासून गोळ्या खिडकीबाहेर पडायला लागतात. दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं, ते आधी कोणी सांगितलेलं नसतं. तिथेही घाबरगुंडी उडते.

म्हणून गोळी खाण्यानंतरच. शाळेचा पोषण आहार आठवीपर्यंतच असतो हे लक्षात ठेवा. नववी-दहावीच्या मुलींना गोळी मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर द्यायची, आणि सोमवारी उपास असणाऱ्या मुलींची वेगळी यादी करून त्यांना मंगळवारी. श्रावणात ही यादी बरीच लांबते. वाडी-वस्तीवरून एसटीने येणाऱ्या मुलींपैकी काहींकडे डबा नसतो, त्यांच्यासाठी शेंगदाण्याचा लाडू किंवा केळं इतकं तरी क्लबने ठेवावं. पिण्याचं पाणी आणि पेले वर्गात. नळावर पाठवलं की गोळी नळावरच राहते.

पहिल्या सोमवारी एएनएम (आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका) किंवा नर्स शाळेत हजर हवी. त्याआधी दहा मिनिटं वर्गात बोलायचं: शौचाला काळं होईल, ते ठीक आहे. थोडं मळमळेल, ते खाल्ल्यावर घेतली की कमी होतं. गोळी चावायची नाही. चहा तासभर आधी नाही, तासभर नंतर नाही.

साठ्याचं गणित करा: 180 मुली, महिन्याला चार सोमवार, म्हणजे 720 गोळ्या. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मागणी महिनाभर आधी शाळेच्या पत्रावर जायला हवी. क्लबच्या पत्रावर गोळ्या मिळत नाहीत. आल्या की मुदत बघा, आणि सिमेंटच्या फरशीवर खोका ठेवू नका, ओल लागून गोळ्यांचा रंग उडतो. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीसाठी मोजून गोळ्या घरी द्यायच्या, सोबत खुणा करायचं कार्ड.

प्रत्येक वर्गाला एक सभासद नेमा. तिने दर सोमवारी येऊन मुली गोळी गिळतात हे बघायचं, गैरहजर मुलींची नावं लिहायची आणि मंगळवारी त्यांना शिक्षिकांकडून द्यायला लावायची. हे दिसायला साधं काम आहे, पण हिमोग्लोबिन वाढायचं असेल तर ते यानेच वाढेल.

निशिगंध

कृष्णाकाठ, सोमवारचं काम आम्ही नक्की उचलू, मनापासून पटलं. पण मग तपासणीचा उपयोग काय उरतो? सगळ्यांना गोळी देणारच असू तर 180 मुलींना टोचायचं कशाला, असं आमच्यातल्या काही जणी आता विचारतायत.

वैद्यवाडा

तपासणी हवीच. आठवड्याची गोळी ही प्रतिबंधासाठी आहे. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन आधीच 9 (ग्रॅम, दर डेसिलिटर रक्तात) आहे तिला आठवड्याला एक गोळी पुरत नाही, आणि जिचं 7 आहे तिला शाळेतली कोणतीही गोळी नको, दवाखाना हवा. त्या दोघींना बाकीच्यांतून वेगळं काढायचं तर टोचावंच लागतं.

12 वर्षांच्या पुढच्या मुलींसाठी, गरोदर नसताना, हिमोग्लोबिन 12 किंवा जास्त असेल तर ठीक. 11 ते 11.9 सौम्य, 8 ते 10.9 मध्यम, 8च्या खाली तीव्र. आठवीत एखादी मुलगी 12 वर्षं पूर्ण नसलेली निघाली तर तिच्यासाठी रेषा 11.5 आहे, म्हणून नोंदवहीत इयत्तेबरोबर पूर्ण झालेलं वय लिहा.

अ‍ॅनिमिया मुक्त भारत या सरकारी मोहिमेच्या मार्गदर्शनात सौम्य आणि मध्यम गटातल्या किशोरवयीन मुलींना याच 60 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, जेवणानंतर, तीन महिने, अशी मात्रा आहे. हे डॉक्टरांनी मुलगी बघून, कार्डावर लिहून सुरू करायचं, क्लबने नाही. रोजचा उपचार चालू असताना त्या मुलीची सोमवारची गोळी बंद. उपचार संपला की ती परत सोमवारच्या रांगेत.

आता हिशेब बघा. शंभर मुली, रोज दोन, नव्वद दिवस, म्हणजे 18,000 गोळ्या. बहुतेक शिबिरं इथेच कोलमडतात. तपासणी होते, डॉक्टर चिठ्ठ्या लिहितात, आणि आरोग्य केंद्रात त्या महिन्यात एवढ्या गोळ्याच नसतात. म्हणून आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून साठा विचारा आणि मगच शिबिराची तारीख ठरवा. त्याच भेटीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची तुमच्या शाळेची तारीख विचारून घ्या. हे पथक वर्षातून एकदा शाळेत येतंच, त्यात डॉक्टर असतात. तुमची तपासणी त्या आठवड्यात बसवली तर औषध लिहून द्यायला वेगळं कोणी शोधावं लागत नाही.

8च्या खालच्या मुलींसाठी वेगळी वाट ठेवा. त्यांच्या पालकांशी त्याच दिवशी बोलायचं, दुसऱ्या दिवशी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं. 5च्या खाली निघाली तर दुसऱ्या दिवसाचीही वाट बघायची नाही. शिबिराच्या दिवशी एक गाडी शाळेत उभी ठेवा.

महिन्याभरात उपचाराने साधारण 1 ग्रॅम वाढ अपेक्षित असते. ती झाली नाही तर आधी विचारायचं, गोळी खरंच घेतेस का? घेत असेल तर कारण शोधायला पाठवा. मुलींमध्ये तीन कारणं पुन्हा पुन्हा सापडतात. पाळीत जास्त रक्त जाणं: सात दिवसांहून जास्त चालणारी, दर तास-दोन तासांनी पॅड भिजणारी, मोठ्या गाठी पडणारी पाळी. ही गोष्ट मुलगी स्वतःहून सांगत नाही, नर्सने एकटीला घेऊन विचारावी लागते. दुसरं जंत. जंतनाशक दिन 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या आसपास असतो, अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची एक गोळी चावून. शिबिर जुलैत असेल तर ऑगस्टची गोळी चुकू देऊ नका. तिसरं, बी-12ची कमतरता. तिथे नुसत्या लोहाने भागत नाही, आणि हे सीबीसीतल्या पेशींच्या आकारावरून लक्षात यायला लागतं.

खाऊबद्दल. एका निळ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे 6, आणि धान्य-कडधान्यातलं लोह अंगी लागतं ते थोडंच. चिक्कीच्या एका पाकिटाने हिमोग्लोबिन हलत नाही. गुळाचं नाव उगाच मोठं झालंय. नाचणी चांगलीच, पण ती कॅल्शियमसाठी. आहारात बदल सुचवायचा तर घरात होण्यासारखा सुचवा: भाजी-वरणावर लिंबू पिळणं, जेवणाबरोबरचा चहा बंद, आंबट भाजी लोखंडी कढईत, घरात चालत असेल तर आठवड्यातून दोनदा अंडी-मासे-मटण, मोडाची मटकी. सोमवारी गोळीबरोबर काही द्यायचंच असेल तर पेरूची फोड द्या. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर असतं आणि तुमच्याकडे हंगामात स्वस्त मिळतो.

सातपुडा

सातारकरांना कदाचित लागू नसेल, पण हा धागा इतर जिल्ह्यांतल्या क्लबच्या बायकाही वाचतील म्हणून लिहितो. नंदुरबार, धुळे, गडचिरोली, अमरावतीचा मेळघाट, पालघर या भागात, किंवा कुठल्याही गावातल्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहात शिबिर घेत असाल, तर हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी असं गृहीत धरू नका. तिथे सिकलसेल आणि थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार) डोक्यात ठेवूनच काम करायचं. सिकलसेलची विद्राव्यता चाचणी बोटाच्याच रक्तावर होते. ती आरोग्य विभागाच्या लोकांकडूनच करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार ठरत नाही, मुलगी नुसती वाहकही (दोष अंगात आहे, पण आजार नाही) असू शकते. ते पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांवर कळतं. ज्या मुलीला वारंवार रक्त चढवलं गेलंय तिच्या शरीरात लोह आधीच साठलेलं असतं. तिला आठवड्याची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. नोंदवहीत एक रकाना ठेवा: आधी रक्त चढवलंय का?

आणि निकाल वर्गात वाचून दाखवू नका. सिकलसेलचा तर नाहीच. लग्न जमण्यापर्यंत त्या शब्दाचा त्रास मुलीला होतो.

दिंडीदरवाजा

मी हिशेब आणि वेळापत्रकाबद्दल लिहिते.

तुमचं वर्ष 1 जुलै ते 30 जून. हा प्रकल्प जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू केलात तर तीन महिने ऑक्टोबरच्या मध्यावर संपतात, दिवाळीच्या सुट्टीआधी, आणि दुसरी तपासणी त्याच कार्यकारिणीच्या हातून होते. फक्त सहामाही परीक्षेच्या तारखा टाळा. हेच शिबिर 8 मार्चला महिला दिनाचं निमित्त धरून घेतलं की तीन महिने जूनमध्ये संपतात. मध्ये वार्षिक परीक्षा, मेची सुट्टी, दहावीच्या मुली शाळेतून गेलेल्या, आणि क्लबमध्ये पदभार बदलायची गडबड. मग दुसरी तपासणी राहूनच जाते. 10 जानेवारीच्या इनरव्हील दिनाला घेतलं तरी दहावीच्या मुली बोर्डाच्या परीक्षेत अडकतात. जुलैच घ्या.

40,000 रुपयांची वाटणी दोन्ही फेऱ्या धरून करा. सगळ्यांत आधी दुसऱ्या फेरीच्या स्ट्रिप्सचे पैसे बाजूला काढा, त्या पैशाला हात लावायचा नाही. मग पहिल्या फेरीचं साहित्य. मग महिन्या-दीड महिन्याने ज्यांचं वाढलं नाही अशा वीसेक मुलींच्या सीबीसीचे पैसे. लॅबकडून एकगठ्ठा सवलतीचा दर लेखी घ्या. मग 8च्या खालच्या मुली आणि सोबतच्या आईचं रुग्णालयात जायचं-यायचं भाडं, आणि शक्य असेल तर आईची बुडालेली रोजंदारी. शेतमजुरी करणारी आई मुलीला घेऊन तीनदा रुग्णालयात येऊ शकत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा तिचा तो दिवस असतो. चिक्कीचं पाकीट 30 रुपयांचं धरलं तरी 180 मुलींचे 5,400 होतात. ते पैसे इथे जास्त कामाला येतील. बॅनर एकच करा, त्यावर तारीख घालू नका, दुसऱ्या फेरीलाही तोच लावता येतो.

लोकांनी प्रकल्पासाठी दिलेला पैसा सभासद वर्गणीच्या पैशात मिसळू नका. स्ट्रिप-लॅन्सेटची पावती क्लबच्या नावाने, बॅच क्रमांकासह घ्या. देणगीदाराने तीन महिन्यांनी विचारलं तर दाखवायला दोन्ही फेऱ्यांची नोंदवही आणि पावत्या एकाच फाइलमध्ये असू द्या.

नोंदवहीत मुलीच्या नावाऐवजी क्रमांक लिहा. क्रमांक आणि नावाची यादी फक्त मुख्याध्यापिकांच्या कपाटात. क्लबकडे क्रमांक, वय, पहिलं वाचन, गट, दुसरं वाचन, एवढंच.

अहवाल लिहिताना एक पथ्य पाळा. ज्या मुलींची दोन्ही वाचनं आहेत त्यांचीच तुलना करायची. पहिल्या फेरीत 170 आणि दुसरीत 140 मुली असतील तर 170ची सरासरी आणि 140ची सरासरी शेजारी ठेवून वाढ झाली म्हणू नका. ज्या 30 आल्या नाहीत त्यांच्यातच जास्त अशक्त मुली असू शकतात. अर्ध्या ग्रॅमच्या आतला फरक एकेका मुलीच्या बाबतीत मोजू नका, बोटाच्या वाचनात तेवढा फरक असाच पडतो. किती मुली मध्यम गटातून वर आल्या, किती 12 ओलांडून गेल्या, कितींचं काहीच वाढलं नाही, हे तीन आकडे पुरेत. शेवटचा आकडा अहवालात लिहायला संकोच करू नका. पुढच्या कार्यकारिणीला त्याच आकड्याची सर्वांत जास्त गरज आहे.

फोटोंबद्दल: टोचताना मुलीचा चेहरा दिसणारा फोटो नको. कमी निघालेल्या मुलींना वेगळं उभं करून काढलेला तर कधीच नको. सभासद सोमवारी गोळ्या मोजतायत, नोंदी करतायत, हा फोटो बातमीला पुरतो.

निशिगंध

इतक्या बारकाईने लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. उद्याच मुख्याध्यापिकांबरोबर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची वेळ मागते, साठ्याचं आधी विचारते आणि मग तारीख. शेवटचं एक: पालकांच्या संमतीची चिठ्ठी कशी लिहावी? शाळेतल्या जुन्या नमुन्यात नुसतं "आरोग्य तपासणीस माझी हरकत नाही" असं आहे.

कृष्णाकाठ

तेवढ्यावर काम करू नका. पालकांना टोचणं, गोळी आणि निकाल या तिन्ही गोष्टी कळल्या पाहिजेत. अशी लिहा:

"आपल्या मुलीचे हिमोग्लोबिन तपासण्यासाठी दि. ___ रोजी शाळेत नर्स किंवा लॅब तंत्रज्ञ तिच्या बोटातून एक-दोन थेंब रक्त घेतील. सुई नवीन असेल व एकदाच वापरली जाईल. तपासणी मोफत आहे. त्या दिवशी मुलीने सकाळी जेवून किंवा नाश्ता करून यावे. निकाल फक्त आपल्याला बंद पाकिटात कळवला जाईल. हिमोग्लोबिन कमी असल्यास डॉक्टर लोहाच्या गोळ्या सुरू करतील. गोळ्यांमुळे शौचाचा रंग काळा होतो, त्यात धोका नाही. ऑक्टोबरमध्ये हीच तपासणी पुन्हा होईल.

मुलीला यापूर्वी रक्त चढवले आहे का? हो / नाही. सध्या कोणते औषध चालू आहे? ______ कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का? ______

तपासणीस माझी संमती आहे / नाही."

"नाही"चा पर्याय छापलेला असलाच पाहिजे, आणि मुलगी त्या दिवशी स्वतः नको म्हणाली तर पालकांची सही असूनही टोचायचं नाही. चिठ्ठी शिबिराच्या आठ दिवस आधी घरी जाऊ दे. ज्या घरी वाचणारं कोणी नाही तिथे ती मुलगीच वाचून दाखवेल असं धरू नका, त्या भागातल्या आशाताईंना यादी द्या, त्या घरी जाऊन सांगतात. खाली शाळेचा शिक्का आणि मुख्याध्यापिकांची सही घ्या. क्लबचं नाव त्याखाली लहान अक्षरात पुरे, कारण शंका आली तर पालक विचारायला शाळेतच येणार.